मांडीइतका बांध

आता जे सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसवूही नका. तिकडे ट्रकमध्ये मीठ भरेपर्यंत या टपरीवर वेळ घालवायचा आहे, आणि खऱ्या गोष्टीत तेवढा दम नसतो.

तर या मिठागरावर एक माणूस होता. त्याला सगळे भोंग्या म्हणत. आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण त्या नावानं हाक मारली तर तोच मागे वळून बघायचा, की कोण नवा माणूस आला. आवाज असा, की त्यानं खाडीच्या अलीकडे खाकरलं की पलीकडची माणसं 'काय म्हणालास?' म्हणून विचारायची. एकदा तो शिंकला तर भर ओहोटीत मासे उलटे पोहत वर आले. ते मासे खाल्लेले लोक अजून हयात आहेत. जाऊन विचारा.

त्याचं घर मिठागराच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, समुद्र अडवणाऱ्या बांधाला पाठ लावून उभं. घरात तिघं. भोंग्या, त्याची बायको आणि म्हातारा बाप, आबा. भोंग्या आणि बायको वाफ्यांतलं मीठ ओढायची. आबा उघाडी सांभाळायचे. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी हवं तेवढं आत घ्यायचं आणि दार पाडायचं. त्या दाराच्या फळ्या आबांच्या हाताला इतक्या ओळखायच्या, की म्हातारा नुसता खोकला तरी दार आपोआप अर्धं खाली यायचं. बरं, अर्धं नाही, पाव.

त्या वर्षी मिठाचं गणित बिघडलं. वाफ्यात पाणी घट्ट होत यायचं, कडेला पांढरी साय धरायची, आता दोन उन्हं मिळाली की दाणा पडेल म्हणून बायामाणसं दंताळी धुऊन ठेवायची, आणि मोठ्या भरतीला समुद्र बांधाच्या डोक्यावरून हळूच एक जीभ आत टाकायचा. फार नाही. लोटाभर इकडे, घागरभर तिकडे. पण तेवढ्यानं पिकलेलं पाणी पुन्हा पातळ. पुन्हा पहिल्यापासून उन्हाची वाट बघा. भोंग्याच्या बायकोच्या टाचांना मिठाच्या चिरा पडल्या होत्या. त्यांत ती संध्याकाळी मेण भरायची आणि सकाळी पुन्हा खाऱ्या पाण्यात उभी राहायची.

अशात होडीतून काठीवाली बाई आली. खाडीच्या तोंडाशी फार वर्षांपासून एक मापाची काठी उभी होती. पाणी कुठवर चढतं ते बघायला बाई अधूनमधून यायची. या खेपेला तिच्याबरोबर तिच्यासारखेच पाणी मोजणारे आणखी चारजण होते. कुणी दाढीवाला, कुणी जाड भिंगाचा, एक तर आजीबाईच. ती मुकादमाला म्हणाली, "बांध आणखी छातीइतका उंच करा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबू नका. पाणी वाढतंय."

मुकादम मिठागराचा कारभार बघायचा. शब्दाला पक्का, तराजूला त्याहून पक्का. तो म्हणाला, "बाई, ऐन हंगामात सगळी माणसं मातीला लावली तर मीठ कोण ओढणार? हे मी एकटा ठरवत नसतो. पाट मांडू."

ही तिथली रीत. कसलाही तंटा असो, पाण्याच्या पाळीचा, हद्दीचा, नवराबायकोचा. गोदामापुढच्या मोकळ्या जागेत समोरासमोर दोन पाट मांडायचे. एकावर एक बाजू, दुसऱ्यावर दुसरी. मधे बुडाला भोक पाडलेलं मडकं टांगायचं. त्यातलं पाणी गळून संपेपर्यंत एकानं बोलायचं, मग मडकं भरायचं, मग दुसऱ्यानं. त्यानंतर चकार शब्द नाही. लोक दोघांचं ऐकून मधलं काढायचे, आणि ते मधलं दोघांनी मुकाट्यानं मानायचं. या रितीनं त्या मिठागरावर कधी डोकी फुटली नव्हती. भावाभावांच्या भांडणात एक कोंबडीसुद्धा त्यांनी अशी वाटली, की दोन्ही घरी अंडी गेली. कशी ते विचारू नका.

दुपारी पाट मांडले. बाई बसली. चौघे तिच्यामागे उभे राहिले.

"यांनाही बोलू द्या," बाई म्हणाली. "आणि हे चौघेच नाहीत. जिथं जिथं मापाची काठी आहे तिथल्या सगळ्यांनी मोजलंय. धुरानं जग तापतंय. तापलेलं पाणी फुगतं, डोंगरांवरचा बर्फ वितळून त्यात भर पडते. अहो, एकमेकांच्या चुका काढण्यावर आमची पोटं चालतात. तरी यात सगळे एकच सांगतात."

"सगळे एकच सांगतात ना?" मुकादम म्हणाला. "मग एकानं सांगितलं की पुरे. चौघं बोलायचे तर समोरही चौघं बसवावे लागतील. आमच्यात तराजू वाकडा धरत नाहीत."

पण समोर कोणीच बसेना. पाट रिकामा. रिकाम्या पाटासमोर निवाडा करायचा नाही अशीही रीत. माणसं एकमेकांकडे बघू लागली. बांध वाढवायचा नव्हता सगळ्यांनाच. चिखल वाहून कुणाच्या कंबरेला हौस असते? पण बोलायला कोण?

मागून कोणीतरी म्हणालं, "भोंग्या, बस की! तू काय, उपाशीपोटीसुद्धा ढेकर देतोस."

खरं सांगायचं तर भोंग्याला पाण्याबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. वाढतंय असंही नाही, वाढत नाही असंही नाही. पण एवढी डोकी आपल्याकडे वळली आहेत हे त्याला अंगावर ऊन पडल्यासारखं बरं वाटलं. बायकोनं मागून सदरा ओढला. तो सोडवून घेऊन तो पाटावर जाऊन बसला.

बाई नीट बोलली. आकडे सांगितले, कारणं सांगितली. लोक जांभया द्यायला लागले. मडकं संपलं.

मग भोंग्या उठला.

"जग तापतंय म्हणे! गेल्या थंडीत पहाटे वाफ्यात उतरलो तर माझे दोन्ही कान गळून चिखलात पडले. शोधून लावले तेव्हा कुठं हा मुकादमाचा ओरडा ऐकू यायला लागला!"

हशा. मुकादमही हसला.

"माझा बाप उघाडीवर म्हातारा झाला. पाणी येतं, पाणी जातं. ते काय आज आलंय? आणि बाई, राग मानू नका, एक शंका विचारतो. पाणी काठीवर चढलं, का तुमची काठी चिखलात खचली?"

हा मात्र असा हशा झाला की गोदामाचे पत्रे वाजले. एका माणसाच्या तोंडातला दात उडून मडक्याला लागला. आबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "पोरगं कुणाचं आहे!"

बाई अर्धवट उठली. "काठी चिखलात नाही, ती खाली..."

"बाई," मुकादम हळूच म्हणाला, "तुमचं मडकं झालं."

ती उभीच राहिली. मागच्या आजीबाईनं काहीतरी बोलायला हात वर केला आणि खाली घेतला. रीत ती रीत.

लोकांनी मधलं काढलं. बाईचं म्हणणं छातीइतका, भोंग्याचं म्हणणं मूठभरही नाही. तर मांडीइतका. दोघांचाही मान राहिला. समुद्राला मात्र कुणी पाटावर बसवलं नव्हतं.

घरी बायकोनं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली.

"तुम्हाला खरंच वाटतं का, काठी खचली असेल?"

"अगं, ते बोलण्याच्या ओघात आलं. बरं वाटलं लोकांना."

"ते इतकेजण एकच सांगतात."

"सांगू देत. मीपण सांगितलंच की."

"गावातल्या सगळ्या विहिरी चाखून सगळ्यांनी खारट म्हटलं, आणि एकटाच गोड म्हणाला, तर विहीर पुन्हा चाखायची का त्याची जीभ बघायची?"

"तू उद्यापासून पाटावर बस," भोंग्या म्हणाला, आणि भात चिवडत राहिला.

पण शब्द कुसळासारखा रुतला. पुढच्या ओहोटीला तो कुणाला न सांगता खाडीच्या तोंडाशी गेला. गुडघाभर चिखल तुडवत काठीपाशी पोचला. हलवून पाहिली. हलेना. दोन्ही हातांनी मिठी मारून ओढली. तळहाताच्या चिरा उकलून रक्त आलं, खारं पाणी लागून डोळ्यांसमोर काजवे चमकले, काठी तसूभर हलली नाही. मग त्यानं बुडातला चिखल हातानं उपसला. खाली काळा खडक होता आणि त्यात लोखंडी कड्यानं काठी पक्की बसवली होती. त्याच्या आज्याच्या वेळची असावी ती. कड्यावर शिंपले चढले होते.

मग त्यानं काठीवरच्या रेघांना हात लावून पाहिला. पाण्याची जुनी रेघ खाली होती, नवी वर. मधे त्याचा पंजा सहज मावत होता.

परत येताना बांधावर माणसं माती काढत होती. एकानं ओरडून विचारलं, "काय रे, बघून आलास का? खचलीय?"

सगळे हात थांबले. भोंग्याला सांगायचं होतं, खडकात आहे. तोंडही उघडलं होतं.

"खचलीय म्हणजे?" तो गरजला. "बगळा बसला तरी कलते!"

पुन्हा तोच हशा. आबा उघाडीवरून म्हणाले, "हलवून बघितलीस?"

"बघितली."

"मग झालं तर," आबा म्हणाले, आणि त्यांनी निवांत दाराला टेकून तंबाखू मळायला घेतली.

बांधाचं काम म्हणजे जिवाची माती. ओहोटी लागली की पुरुषांनी खाडीच्या तळातला चिकट गाळ फावड्यानं काढायचा, बायांनी टोपल्यांनी बांधावर चढवायचा. गाळ मानेवरून पाठीत उतरायचा आणि वाळला की कातडी ओढायचा. वर ऊन असं, की ज्या उन्हात मीठ पिकायचं त्या उन्हात माणसं पिकत होती. चिखल वाहताना लोक बाईला शिव्या घालत आणि भोंग्याचे आभार मानत. "हा नसता तर छातीपर्यंत वाहावं लागलं असतं!" भोंग्याला आयता चहा मिळायला लागला. तो चहा त्याला गोड लागत नव्हता, पण तो पीत होता.

मांडीपर्यंत माती आली आणि मुकादमानं टोपल्या पालथ्या घालायला सांगितल्या. सगळ्यांनी घातल्या. भोंग्याच्या बायकोनं घातली नाही. दिवसभर मीठ ओढून झालं की ती आपल्या कोपऱ्यात, उघाडीच्या दोन्ही अंगांना, एकटी टोपली टाकत राहायची.

लोकांना काय, विषयच मिळाला. "वहिनी, घरचा भोंगा बिघडला का हो?" "अहो, हिच्या नवऱ्याचं सगळ्यांना पटलं, हिलाच नाही पटलं!"

भोंग्या बांधावर चढला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं तिच्या डोक्यावरची टोपली हिसकली. गाळ तिच्या मानेवरून चोळीत उतरला. माणसं हसली.

"लाज काढतेस माझी."

तिनं पदरानं मान पुसली. खाली वाकून रिकामी टोपली उचलली. "तुमच्या लाजेला पोहता येतं का?" ती एवढंच म्हणाली.

"आबा, तुम्ही तरी सांगा हिला!"

"मी काय सांगू?" आबा म्हणाले. "दोन्ही बाजू ऐकल्या, मधलं ठरलं. मधलं धरून कुणाचं वाईट झाल्याचं मी ऐकलं नाही. आणि सूनबाई, त्यानं स्वतः हलवून बघितलीय ना काठी!"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो समुद्राकडे बघत होता.

मोठ्या भरतीच्या दिवशी सकाळपासूनच वारं समुद्राकडून होतं. आभाळ भांड्याच्या बुडासारखं. मीठ ओढून झालेलं. बांधाच्या आतल्या बाजूला हंगामाचे ढीग रांगेनं उभे, बैलांसारखे पांढरे. भोंग्याच्या बायकोनं आबांची वळकटी बांधली.

"आबा, आज वर गोदामात चला. उघाडी पाडून ठेवा आणि चला."

"आणि दाराची फळी सरकली तर? समुद्राला विचारू का, जरा थांब, मी वर बसलोय म्हणून?" म्हातारा हसला आणि लेकाकडे वळला. "काय रे, काय करू? तू सांग."

शेजारचे दोघंतिघं उभे होते. मुकादमही होता. भोंग्याच्या डोळ्यांपुढे तो शिंपले चढलेला काळा खडक आला. आता सांगावं, आबा, काठी पक्की आहे, मी खोटं बोललो. चार शब्द. ज्या माणसाचं खाकरणं खाडीपार जायचं त्याच्या तोंडून ते चार शब्द ओठापार गेले नाहीत.

"काही होत नाही," तो म्हणाला. इतकं हळू, की मुकादमानं विचारलं, "काय म्हणालास?"

"काही होत नाही म्हणाला," आबांनी सांगितलं, आणि ते काठी टेकत उघाडीकडे गेले. बायकोनं वळकटी एकटीच वर नेली.

आता तुम्हाला वाटेल समुद्र गर्जना करत आला, लाटा ताडाएवढ्या. मला सांगायला आवडलं असतं. पण तसं काहीच झालं नाही. पाणी चढत चढत नव्या मातीच्या काठाला आलं, क्षणभर तिथं थांबल्यासारखं दिसलं, आणि मग बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडून एकदमच आत वाहायला लागलं. शिस्तीत. दूध उतू जातं तसं. बांधाच्या डोक्यावर गुडघ्याइतकं पाणी चालत होतं. मिठाचे ढीग आधी बुडाशी करडे झाले, मग बसके झाले, मग एकेक करून खाली बसले, आणि थोड्या वेळानं तिथं काही होतं असं कुणाला दाखवता आलं नसतं.

भोंग्या गोदामाच्या चढावर उभा होता. उघाडीवर आबा दिसत होते. दाराला दोन्ही हातांनी धरून, पाणी छातीशी. बायकोनं टाकलेली माती दाराच्या दोन्ही अंगांना तेवढीच वर राहिली होती. म्हातारा तिच्या आधारानं उभा होता. पण बाकीचा बांध आतून विरघळत होता, आणि त्या मातीच्या बुडाला आता चहूकडून पाणी लागलं होतं.

"आबा! दार सोडा! मातीवर चढा!"

तो आयुष्यात ओरडला नव्हता तेवढा ओरडला. वारा समोरून होता. आबांनी इकडे तिकडे पाहिलं, कुणीतरी हाक मारल्यासारखं, पण भलत्याच बाजूला. मग दार, माती आणि म्हातारा एकदम कलले आणि पाण्याखाली गेले.

भोंग्या पाण्यात धावला. मुकादमानं आणि दोघांनी त्याला दंडांना धरून मागे ओढलं. तो त्यांना चावला. तरी त्यांनी सोडलं नाही.

ओहोटीला आबा सापडले. आपल्याच वाफ्यात, तोंड वर करून. ऊन पडलं होतं. त्यांच्या भुवयांवर आणि ओठांवर मीठ धरलं होतं, हंगामातलं पहिलं धरतं तसं, बारीक. सुनेनं पदर ओला करून ते पुसलं. पुसलं की पुन्हा धरायचं. शेवटी तिनं पुसायचं सोडलं.

मुकादम भोंग्याजवळ बसला. माणूस मनानं चांगला. "स्वतःला बोल लावू नकोस," तो म्हणाला. "दोन्ही बाजू ऐकल्या होत्या. बाईंचं अर्धं खरं निघालं, तुझं अर्धं. कोणाला माहीत होतं?"

मागे उभ्या असलेल्यांनी मान डोलावली. कोणाला माहीत होतं.

आता खरी गंमत पुढेच आहे. हे ऐकलं आणि भोंग्या उठला. असा उठला, की त्याच्या अंगावरचा चिखल तडकून चार हात लांब उडाला. त्यानं दोन्ही पाट डोक्यावर घेतले आणि गोदामापुढे आपटून फोडले. आणि असा आवाज लावला, की पलीकडच्या काठावरची झाडं वाकली: "काठी खडकात आहे! मी हलवून बघितली होती! ते सगळे खरं सांगत होते, आणि समोर नुसता मी होतो!" लोक थिजले. मग मुकादमानं पहिलं फावडं उचललं. मग सगळ्यांनी उचलली. बाया, म्हातारे, पाळण्यातली पोरंसुद्धा मूठ मूठ माती घेऊन. पंधरवड्यात बांध छातीइतका झाला, आणि आज तुम्ही त्यावरून ट्रक नेलात तरी...

"खोटं."

टपरीच्या दाराशी एक बाई हंडा खाली ठेवून उभी होती. कोपरापर्यंत गाळ वाळलेला, हातात रिकामी टोपली.

"बांध मांडीइतकाच आहे," ती म्हणाली. "मी आत्ता त्यावर टोपली टाकूनच आले. पाटही तिथंच आहेत, काल कुणाच्या तरी हद्दीसाठी मांडले होते. आणि माझा नवरा त्या दिवसापासून एक अक्षर बोललेला नाही."